आधी जागा, मग वेग

एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० ही दोन ग्राफिक्स कार्डे शेजारी ठेवली, की बहुतेक तुलना एका वाक्यात आटोपतात : नवे कार्ड खेळांमध्ये जुन्यापेक्षा साधारण वीस टक्के वेगवान आहे, वीजही कमी खाते, तेव्हा नवे घ्यावे. हे वाक्य खोटे नाही. पण ते कोणासाठी खरे आहे, हे त्यात सांगितलेले नसते. वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यान वसलेल्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावी ग्राफिक्स कार्ड ही चार-पाच वर्षांतून एकदा होणारी खरेदी असते. घरातल्या एकाच संगणकावर धाकटा खेळणार, थोरला सेवाग्राम किंवा वर्ध्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला प्रकल्प करणार, आणि लग्नसराईत त्याच यंत्रावर व्हिडिओचे एडिटिंगही होणार. अशा घराने कार्ड निवडताना वेगाचा तक्ता सर्वांत शेवटी पाहावा आणि कार्डावर मेमरी किती आहे हे सर्वांत आधी पाहावे, असे माझे म्हणणे आहे. कारण साधे आहे. वेग कमी पडला तर थांबावे लागते. मेमरी कमी पडली तर काम अडते, आणि पुष्कळदा होतच नाही. पहिली उणीव सोसता येते, दुसरी सोसण्याच्या पलीकडची असते.

आधी आकडे नीट मांडू. ३०६० बाजारात आले फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्यात ३५८४ कोर, १.७८ गिगाहर्ट्झपर्यंतचा बूस्ट वेग, १२ जीबी जीडीडीआर६ मेमरी आणि १७० वॅटची वीज-मर्यादा. ४०६० आले जून २०२३ मध्ये. त्यात ३०७२ कोर, २.४६ गिगाहर्ट्झ, ८ जीबी मेमरी आणि ११५ वॅट. म्हणजे नव्या कार्डात कोर कमी आहेत, मेमरी कमी आहे, आणि तरीही ते वेगवान आहे. यात गूढ काही नाही. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनली, ४०६० ची टीएसएमसीच्या अधिक प्रगत प्रक्रियेवर. ट्रान्झिस्टर लहान झाले, त्यामुळे घड्याळ जोरात पळवूनही वीज कमी लागली. प्रत्येक कोर एका ठोक्यात दोन गणिती क्रिया करतो असे धरून कोरांची संख्या, घड्याळाचा वेग आणि दोन यांचा गुणाकार केला, तर ३०६० ची कागदावरची शक्ती येते १२.७ टेराफ्लॉप आणि ४०६० ची १५.१. फरक एकोणीस टक्क्यांच्या आसपास. खेळांत दिसणारा वीस टक्क्यांचा फरक याच हिशेबाला धरून आहे. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन पिढ्यांत हा गुणाकार उपयोगी पडतो, तो असा.

पण तोच गुणाकार कंपनी बदलली की फसवतो. एएमडीचे आरएक्स ७६०० हे मे २०२३ मध्ये आलेले कार्ड कागदावर २१ टेराफ्लॉपच्या पुढे जाते. ४०६० च्या दीडपटीजवळ. प्रत्यक्ष खेळांत, रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब बाजूला ठेवला तर, दोघे जवळजवळ बरोबरीने चालतात. एएमडीच्या चिपमधला कोर काही ठरावीक परिस्थितीत दुप्पट क्रिया करू शकतो आणि कागदावर ती दुप्पट नेहमीच होते असे धरलेले असते. नावावरही विसंबता येत नाही. जीटी १०३० या कार्डाचा २०१८ मध्ये आलेला डीडीआर४ मेमरीचा प्रकार मूळ प्रकाराच्याच नावाने विकला गेला. मूळ कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी पोहोचवायची, नव्याची १७ जीबीसुद्धा नाही. खुद्द ३०६० चाही पुढे ८ जीबीचा प्रकार आला, आणि त्यात नुसती जागाच नव्हे, तर मेमरीचा वेगही ३६० वरून २४० जीबीवर उतरला. लॅपटॉपमध्ये तर ३०६० म्हणजे ६ जीबीचे वेगळेच कार्ड, आणि त्याला किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून दुकानात ‘३०६० द्या’ एवढे म्हणून चालत नाही. किती जीबीचे, मेमरीची बस किती बिटची, आणि लॅपटॉप असेल तर किती वॅटचे, हे विचारल्याशिवाय नावाला अर्थ येत नाही.

या बसमध्येच १२ आणि ८ या आकड्यांचे मूळ आहे. मेमरीच्या चिप कार्डावरच्या मुख्य चिपला ३२-३२ बिटच्या वाटांनी जोडलेल्या असतात. ३०६० ची बस १९२ बिटची, म्हणजे सहा वाटा. प्रत्येक वाटेवर २ जीबीची चिप, एकूण १२ जीबी. ४०६० ची बस १२८ बिटची, म्हणजे चार वाटा आणि ८ जीबी. त्या काळच्या सर्वांत मोठ्या जीडीडीआर६ चिप २ जीबीच्या होत्या, त्यामुळे ३०६० वर सहा जीबी द्यायचे की बारा, एवढीच निवड कंपनीपुढे होती. सहा फारच कमी ठरले असते, म्हणून बारा आले. मेमरीचा वेगही याच हिशेबातून निघतो. ३०६० मध्ये प्रत्येक तारेवरून सेकंदाला १५ गिगाबिट, गुणिले १९२, भागिले आठ : ३६० जीबी. ४०६० मध्ये १७ गुणिले १२८ भागिले आठ : २७२ जीबी. कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे जिनिंगच्या कारखान्यावरून चटकन उमगेल. कोर म्हणजे आत फिरणारी यंत्रे, मेमरी म्हणजे कापूस उतरवायचे आवार, आणि बस म्हणजे आवारातून यंत्रांपर्यंत माल नेणारा पट्टा. नव्या कारखान्यात यंत्रे जोरात फिरतात, पण आवार लहान आणि पट्टा अरुंद झाला आहे. कंपनीने याची भरपाई दुसरीकडे केली. चिपच्या आतली एल२ कॅश ३ एमबीवरून २४ एमबीवर नेली. वारंवार लागणारा डेटा तिथेच सापडला तर मेमरीपर्यंत जावेच लागत नाही, आणि खेळांत हा उपाय खरोखर चालतो. मात्र कॅशमुळे मेमरीकडच्या फेऱ्या कमी होतात. जागा वाढत नाही. आठ जीबीत न मावणारा डेटा चोवीस एमबीच्या कॅशने मावू लागत नाही.

मग न मावलेला डेटा जातो कुठे? संगणकाच्या साध्या रॅममध्ये, आणि तिथून कार्डापर्यंत तो येतो मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने. इथे ४०६० ची आणखी एक मर्यादा कळते, जी तुलनेच्या तक्त्यात क्वचितच येते. ३०६० या वाटेच्या सोळाही लेन वापरते, ४०६० फक्त आठ. नव्या मदरबोर्डवर, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीवर, आठ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात आणि एरवी त्याची अडचण जाणवत नाही. पण पाच-सात वर्षे जुन्या संगणकात नवे कार्ड बसवायचे असेल तर बोर्ड बहुधा तिसऱ्या पिढीचा निघतो. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या घरगुती प्रोसेसरांची हीच गत आहे. तिथे आठ लेनमधून जेमतेम ८ जीबी जातात. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग २७२, आणि बाहेरून येणाऱ्या मालाचा वेग ८, चौतीसपट फरक. म्हणूनच मेमरी ओसंडली की काम दहा-वीस टक्क्यांनी मंदावत नाही. ते कोसळते. खेळ अडखळतो किंवा चित्रांचा पोत धूसर होतो, एडिटिंगमध्ये पूर्वदृश्य थिजते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम मेमरी संपल्याचा संदेश देऊन बंद पडते.

कोणी म्हणेल, हे झाले कागदावरचे तर्क. मेमरीचाच परिणाम आहे हे कशावरून, दोन कार्डांत इतर फरकही आहेतच ना? शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर बाजारानेच दिले आहे. आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड २०२३ मध्ये ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आले. चिप तीच, कोर तितकेच, मेमरीचा वेगही दोन्हींत २८८ जीबी. फरक फक्त जागेचा. बहुतेक खेळांत दोन्हींचे आकडे एकसारखे येतात, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण ज्या मोजक्या खेळांत, ज्या सेटिंगवर आठ जीबी ओलांडले जातात, तिथे तीच चिप अर्ध्यावर येते किंवा चित्रच नीट उभे करत नाही. दुसरा पुरावा मोठ्या यंत्रांचा. पुण्याच्या सी-डॅकने उभारलेला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता, आणि त्याचा कणा होती एनव्हिडियाची ए१०० ही कार्डे. ए१०० मे २०२० मध्ये ४० जीबी मेमरीसह आले. सहाच महिन्यांत कंपनीने त्याचा ८० जीबीचा प्रकार आणला. गणनशक्ती तीच, मेमरी दुप्पट आणि अधिक वेगवान. पुढे एच१०० चे एच२०० झाले तेव्हाही हेच घडले : चिपची शक्ती तीच, मेमरी ८० वरून १४१ जीबी. जे ग्राहक एकेका कार्डासाठी लाखांत पैसे मोजतात, तेही नुसत्या जागेसाठी पुन्हा पैसे मोजायला तयार होतात. घरगुती कार्ड घेणाऱ्याने त्यातून शिकण्यासारखे आहे.

आता हे मराठी मुलखातल्या कामाला लावून पाहू. भाषेचे मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवायचे असेल तर हिशेब बोटांवर होतो. चार बिटमध्ये आवळलेल्या मॉडेलाला प्रत्येक अब्ज पॅरामीटरमागे साधारण अर्धा जीबी आणि वर थोडी सवड लागते. आठ अब्जांचे मॉडेल सुमारे पाच जीबीत बसते, म्हणजे दोन्ही कार्डांवर चालते. चौदा अब्जांचे मॉडेल नऊ जीबीच्या आसपास जाते. ते ३०६० वर मावते, ४०६० वर नाही. मावणाऱ्या मॉडेलातही जुने कार्ड मागे पडत नाही. प्रत्येक शब्दखंड घडवताना सगळे मॉडेल मेमरीतून एकदा वाचावे लागते. पाच जीबीचे मॉडेल ३६० च्या वेगाने सेकंदाला फार तर ७२ वेळा वाचून होईल, २७२ च्या वेगाने ५४ वेळा. इथे कॅश कामाला येत नाही, कारण पाच जीबीपुढे चोवीस एमबी म्हणजे काहीच नव्हे. त्यात देवनागरीचा प्रश्न आहे. अनेक मॉडेले मराठी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात. तेवढ्याच लांबीचा मजकूर लक्षात ठेवायला मग जास्त मेमरी लागते. मराठीत काम करणाऱ्याला जागेची गरज इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा अधिक भासते, ती अशी.

चित्रांचेही तसेच. विदर्भात २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापसाचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून पानांच्या, बोंडांच्या, कामगंध सापळ्यांच्या छायाचित्रांवरून कीड ओळखणे हा अभियांत्रिकीच्या मुलांचा जिव्हाळ्याचा प्रकल्पविषय आहे, आणि तो सेलूच्या शिवारापासून एक पाऊलही दूर नाही. अशा मॉडेलाला शिकवताना त्याचे आकडे, त्या आकड्यांत करायच्या दुरुस्त्या आणि एकाच वेळी दाखवलेली सगळी छायाचित्रे कार्डाच्या मेमरीत एकत्र असावी लागतात. अळी असते बारीक. छायाचित्र लहान केले तर ती दिसेनाशी होते, मोठे ठेवले तर मेमरी भरते. या कामात चार जीबी जास्त असणे म्हणजे छायाचित्र किती बारकाईने पाहता येईल याची कक्षा वाढणे. काही तडजोडी उपलब्ध आहेत, हे खरे. छायाचित्रे थोडी-थोडी दाखवून नंतर बेरीज करता येते, आकडे निम्म्या अचूकतेने साठवता येतात. मराठीसाठी पुण्यातल्या एल३क्यूब गटाने बनवलेल्या महाबर्टसारखी मॉडेले तर इतकी आटोपशीर आहेत, की त्यांना शिकवायला आठ जीबीही पुरतात. पण प्रत्येक तडजोडीला वेळ आणि जाणकारी लागते, आणि नवशिक्याकडे नेमकी त्याच दोन गोष्टींची चणचण असते.

विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा उन्हाचा आहे. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवेने थंड होणाऱ्या कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळपास तितकेच चढते. पंचवीस अंशांच्या खोलीत ६५ वर राहणारे कार्ड बेचाळीस अंशांच्या खोलीत ८० च्या पार जाईल. १७० वॅटचे कार्ड खोलीत १७० वॅट उष्णता सोडते, ११५ चे ११५. या बाबतीत ४०६० निःसंशय सरस आहे. वीजबिलाचाही हिशेब करू. ५५ वॅटचा फरक, रोज चार तास पूर्ण भार, वर्षभर : साधारण ८० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला आठशे रुपये. ही रक्कम नगण्य नाही, पण कार्डाच्या किमतीपुढे निर्णायकही नाही. शिवाय उष्णतेवर उपाय आहे. कार्डाची वीज-मर्यादा साध्या सॉफ्टवेअरने खाली आणता येते, आणि चिपला शेवटच्या काही टक्के वेगासाठीच सर्वांत जास्त वीज लागत असल्याने, मर्यादा बरीच उतरवूनही वेग त्या मानाने थोडाच घटतो. उन्हाळ्यात ३०६० ला थोडे हळू चालवता येते. ४०६० ला मात्र कोणत्याही ऋतूत चार जीबी वाढवून देता येत नाहीत.

दुसरा आक्षेप नव्या सोयींचा. डीएलएसएस ३ मधली मधल्या फ्रेम तयार करण्याची युक्ती ४०६० ला येते, ३०६० ला येत नाही. एव्ही१ पद्धतीने व्हिडिओ साठवणेही फक्त नव्यातच आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमधले दृश्य मेमरीत मावत असेल तर तिथेही नवे कार्ड ठळकपणे पुढे असते. ज्याला १०८० रेषांच्या पडद्यावर खेळ खेळायचे आहेत, एवढेच करायचे आहे, त्याने ४०६० घ्यावे. त्यात माझा मतभेद नाही. फक्त हे ध्यानात घ्यावे की फ्रेम तयार करण्याची ती युक्तीही स्वतःसाठी वेगळी मेमरी मागते. म्हणजे नवी सोय उभी राहते तीही जुन्या उणिवेवरच. तिसरा आक्षेप असा, की जड काम असेल तर इंटरनेटवरून भाड्याचे यंत्र घ्यावे. जरूर घ्यावे. पण विद्यार्थी ज्यावर शिकतात ते गुगल कोलॅबवरचे फुकटचे टी४ कार्ड पाहा. २०१८ चे, साध्या गणनशक्तीत ३०६० च्याही मागे. तरी ते अजून कामाचे आहे, कारण त्यात १६ जीबी जागा आहे. हा आक्षेप माझ्याच म्हणण्याच्या बाजूने साक्ष देतो.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे. ३०६० आता बव्हंशी उरलेल्या साठ्यात किंवा वापरलेल्या मालाच्या बाजारात मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या कूटचलनाचे ग्राफिक्स कार्डांवर होणारे खाणकाम बंद झाले, तेव्हा रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डे बाजारात आली, आणि त्यांतले एखादे गळ्यात पडू शकते. म्हणून वापरलेले कार्ड घेताना वॉरंटीची तारीख, पंख्यांचा आवाज आणि मेमरी पूर्ण भरून केलेली चाचणी, या तीन गोष्टी डोळ्यांसमोर झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्याला ही जोखीम नको, त्याच्यापुढे १२ जीबीचे इंटेल आर्क बी५८० आणि १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय हे नवे पर्याय आहेत; फक्त कृत्रिम बुद्धिमत्तेची पुष्कळ सॉफ्टवेअर आधी एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीसाठी लिहिली जातात, याचा विचार इंटेल घेताना करावा. माझा आग्रह ३०६० या नावासाठी नाही. २०२५ मध्ये आलेल्या ५०६० नेही, मेमरी कितीतरी वेगवान करून, जागा पुन्हा आठ जीबीच ठेवली आहे. तिथेही एवढी जागा आपल्या कामाला पुरेल का, हाच प्रश्न विचारला पाहिजे.

तुलना करायची पद्धत यातून ठरते. आपल्याला चार-पाच वर्षांत जे सर्वांत जड काम करायचे आहे, त्याला किती मेमरी लागेल हे आधी काढावे. तेवढी मेमरी नसलेली कार्डे, ती कितीही वेगवान असोत, यादीतून वगळावीत. उरलेल्यांत आपल्या कामाची गाठ मेमरीच्या वेगाशी पडते की गणनशक्तीशी, ते पाहावे. मग बोर्डावरच्या लेन, खोलीतले ऊन, वीज आणि किंमत. खेळांचा तक्ता आला तर शेवटी. हा क्रम उलटा केला, की बारा जीबीचे काम असलेला विद्यार्थी वीस टक्के जास्त वेगाचे कार्ड घेऊन बसतो, आणि ज्या प्रकल्पासाठी घरच्यांनी पैसे साठवले तोच प्रकल्प त्या कार्डावर सुरू होत नाही. पैसे असलेल्याला दुसरे कार्ड घेऊन ही चूक निस्तरता येते. सेलूतल्या बहुतेक घरांना ती सोय नाही, म्हणून तिथे मेमरीचा हिशेब पैसे देण्याआधीच व्हायला हवा.